एकशे सदतीस, बंद

रतनकाकांच्या हातून बोर्ड लिहून घेतला की धंदा चालतो, अशी एकेकाळी चारकोपमध्ये समजूत होती. ही समजूत रतनकाकांनीच पसरवली, असं सोनूकाकी म्हणते. सेक्टरांमधून फिरलात तर त्यांचे दोन-चार बोर्ड अजून सापडतील. एका सोसायटीच्या गेटवर 'येथे गाडी लावू नये' आहे, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात 'हवा काढली जाईल'. सेक्रेटरीने विचारलं होतं, "हे खालचं कोणी सांगितलं लिहायला?" काका म्हणाले, "कोणी नाय. जागा उरली होती."

लहान असताना ते वडिलांबरोबर जालना जिल्ह्यातून इथे आले. सातवी झाली आणि मालाडच्या एका पेंटरकडे ब्रश धुवायला लागले. धुता धुता अक्षर हातात आलं. तीस वर्षं दुकानं, टेम्पो, दवाखाने, निवडणुकीच्या भिंती आणि दर एप्रिलला आमच्या विहाराची कमान. मग फ्लेक्स आला. फ्लेक्सला काका शिव्या देत नाहीत. एवढंच म्हणतात, "त्याला वास नसतो." शेवटची तीन वर्षं ते एका टॉवरच्या गेटवर वॉचमन होते. तिथल्या वहीत आल्या-गेल्याची नावं इतकी रेखीव लिहायचे की एका बाईने विचारलं, "वॉचमन, लग्नाची पत्रिका लिहिताय का?"

आमचं सम्यक नगर म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटची मागची भिंत आणि नाला यांच्या मधल्या चार गल्ल्या. दोनशे बारा घरं. मेट्रोची लाइन पुढे वाढवायचं ठरलं, ती नेमकी या फटीतून जाणार होती. हे आम्हाला शाळेच्या हॉलमध्ये कळलं. सल्लागार कंपनीचे नंदकिशोर सर पडद्यावर नकाशा लावून समजवायला आले होते. आवाज असा, की कोणीतरी साखर विरघळेपर्यंत कपात चमचा फिरवतंय.

"तर मंडळी, ॲक्च्युअली, ही जी जांभळी रेघ आपण पाहतो आहोत ना, ती ॲक्च्युअली आपल्या सर्वांच्या भविष्याची रेघ आहे."

आमच्या गल्लीतल्या जानकीमावशीने हात वर केला. "साहेब, यात आमची घरं कुठायत?"

सरांच्या हातातला लाल ठिपका नकाशावर भटकला, नाल्यावर गेला, परत आला आणि एका हिरव्या तुकड्यावर थांबला. "हा जो हरित पट्टा आहे, त्याच्या शेजारी... ॲक्च्युअली त्याच्यातच."

"पण हे तर हिरवं आहे."

"तो फक्त रंग आहे, ताई."

मग विकी उठला. विकी आमच्या कमिटीचा अध्यक्ष. नाक्यावर मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आणि बोलताना एक हात कायम हवेत, माइक नसला तरी. "सर, एक डाउट. रेघ इथपर्यंत मस्त सरळ येते. मग एकदम आमच्याच अंगावर का वळते?"

"वळणाला त्रिज्या लागते. गाडी काटकोनात वळत नाही."

"रिक्षा वळते ना."

हॉल हसला. सरसुद्धा हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "समोर टॉवर आहे." पूर्ण दोन तासांत ॲक्च्युअली नसलेलं त्यांचं हे एकच वाक्य.

शेवटी त्यांनी सांगितलं की घाबरायचं काही कारण नाही, प्रत्येक पात्र कुटुंबाला पक्कं घर मिळणार. पात्र कोण? तर सर्व्हे होईल त्या दिवशी ज्याच्या घरात माणूस सापडेल, कागद सापडतील आणि ज्याच्या दारावर नंबर पडेल तो. घरी येताना सगळे 'पात्र, पात्र' करत होते. जानकीमावशी म्हणाली, "आमच्याकडे पात्र म्हणजे तांब्या-पेला बाई."

त्या नंबरांसाठी पेंटर हवा होता. आधी कुठेतरी स्टेन्सिल लावून स्प्रेने नंबर मारले होते आणि लोकांनी ते रॉकेलने पुसून आपल्याला हवे ते टाकले होते. म्हणून यावेळी हाताने, ऑइल पेंटमध्ये. सर्व्हेचं काम घेतलेल्या कंत्राटदाराचा सुपरवायझर मिथुन. वय सव्वीस, गळ्यात टॅब, तोंडात "जल्दी". त्याने काकांकडून एका पत्र्यावर एक ते नऊ लिहून घेतले आणि म्हणाला, "काका, झकास. पण ही पाचाला शॅडो कशाला? टाइम जातो ना."

"शॅडोशिवाय पाच पोट पुढे काढून उभा राहिल्यासारखा दिसतो."

"दिसू द्या ना, यार."

पूर्ण लाइनीवरच्या वस्त्यांचं मिळून आठ महिन्यांचं काम होतं. फॉर्म भरताना मधे एक प्रश्न आला: आपण स्वतः बाधित पट्ट्यात राहता काय? काकांनी तो दोनदा वाचला. 'हो' लिहिलं तर काम नाही, हे मिथुनने सांगूनच ठेवलं होतं. तीन वर्षं हातात ब्रश नव्हता. काकांनी 'नाही' लिहिलं आणि पत्ता दिला भावाचा, कांदिवली पूर्वेचा. घरी येऊन सोनूकाकीला म्हणाले, "खोटं लिहिलं खरं. पण अक्षर एक नंबर आलं."

सोनूकाकी इस्टेटमधल्या एका गाळ्यात क्रीमच्या डब्या पॅक करते. तिचं बोलणं पॅकिंगसारखंच, एकही जागा रिकामी नाही. ती म्हणाली, "अक्षर चाटायचंय का? घर आपल्या नावावर, पत्ता भावाचा. कधीतरी दोन्हीकडून जाल."

"सर्व्हेच्या दिवशी तू घरात बसायचं. घर तुझ्या नावाने दाखवायचं. मी बाहेर पेंटर. कुणाला काय कळतंय?"

रविवारी विहारात कमिटीची मीटिंग झाली. विकीचा हात हवेत. "ऐका रे सगळ्यांनी! काका म्हणजे आपला माणूस आतमध्ये आहे. गल्लीत आले तर कोणी ओळख दाखवायची नाय. जय भीम पण नाय घालायचा. समजलं? 'ओ पेंटर' म्हणायचं."

"ओ पेंटर!" कोणीतरी लगेच करून दाखवलं आणि सगळे फुटले.

काका खरोखरच आपला माणूस निघाले. कोणते कागद लागतात, कोणाची झेरॉक्स चालत नाही, वीजबिलावर नाव चुकलं असेल तर काय करायचं, हे ते रोज संध्याकाळी दारोदार जाऊन सांगायचे. प्रत्येक घरात प्लॅस्टिकची पिशवी तयार झाली. कोणत्या गल्लीत कोणता दिवस, हे त्यांनी आधीच आणून दिलं. सोमवारी नाल्याकडची गल्ली, मंगळवारी विहाराची, बुधवारी आमची, गुरुवारी भिंतीकडची. कामावर जाणाऱ्यांनी त्याप्रमाणे खाडे ठरवले. सोनूकाकीने बुधवारचा खाडा टाकला. गाळ्याचा सेठ एका महिन्यात एकच खाडा देतो.

सोमवारी सकाळी साडेदहाला मिथुन आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा. नाल्याकडे उन्हं होती, आणि आमच्या गल्लीत सकाळी सावली असते. एवढंच कारण. "चला, इकडून स्टार्ट करू. उधर दोपहर को जाऊ." मागे रंगाचा डबा घेऊन रतनकाका. चेहरा असा, जसं कोणी त्यांच्या पायावर उभं आहे आणि ते सांगता येत नाही.

त्यांनी खिशातून फोन काढून दोनदा लावला. गाळ्यात फोन गेटवर जमा करून घेतात. तो गेटवरच वाजला असणार, आणि शिफ्ट सुटेपर्यंत आत कोणाला निरोपही देत नाहीत.

गल्ली मात्र तयार होती. बहुतेक घरांत कोणीतरी होतं, नसेल तिथे शेजारी धावत जाऊन बोलावून आणत होते. मिथुन नावं विचारायचा, टॅबवर फोटो काढायचा, आणि काका नकाशावर आधीच ठरलेला नंबर टाकायचे. आणि गल्लीने नाटक सुरू केलं. तेवढं मोठं नाटक आमच्या गल्लीने भीमजयंतीलाही बघितलं नसेल.

"ओ पेंटर, जरा बाजूला, दारात थेंब नको!"

"पेंटरभाऊ, चहा घेणार का? साखर चालते ना?" हे विचारणारी जानकीमावशी, जी काकांना डायबेटिस झाल्यापासून रोज बिनसाखरेचा चहा पाठवते.

काका मान खाली घालून "नको ताई" म्हणायचे. ओठांचे कोपरे आत ओढून धरलेले. मीही तिथेच होते. मला तर राहवेचना. मी एकदम सेक्टरातल्या बायकांसारखा नाकातून आवाज काढला, "पेंटर, तुम्ही कुठून येता हो एवढ्या लांबून?"

"कांदिवली ईस्टवरून, बेबी."

मागे दोघी-तिघी पदर तोंडात कोंबून आत पळाल्या. मिथुन टॅबमध्येच होता, पण ऐकत होता.

मग एकशे सदतीस आलं. रतनकाकांचं घर. निळं दार, वर त्यांनीच लिहिलेलं 'साळवे', आणि कडीला कुलूप.

मिथुनने दार वाजवलं. "कोण राहतं इकडे?"

किल्ली काकांच्या खिशात होती. ती काढली असती तर पाच मिनिटांत कागदांची पिशवी बाहेर आली असती. पण मग 'नाही' लिहिलेला तो फॉर्म बाहेर आला असता. काकांचं काम गेलं असतं, आणि आमचा आतला माणूस गेला असता. काकांनी विकीकडे बघितलं. विकीला वाटलं, काका म्हणतायत, सांभाळ. त्याने सांभाळलं. हात हवेत.

"हे काय बरोबर नाय बघा. कायम बंद असतं. भाड्याने दिलंय का काय, कोण येतं कोण जातं, कमिटीलापण माहीत नाय."

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण जानकीमावशीलाही सीन हवा होता. "महिनोन्महिने कुणी दिसत नाय बाई. आम्ही तोंडसुद्धा बघितलं नाय."

"बोर्डपे तो साळवे लिहिलंय."

"असेल कोणी साळवे," विकी म्हणाला.

मिथुनने टॅबवर टाइप केलं आणि वाचून दाखवलं, "सदर घर कित्येक महिने बंद, राहणारा अज्ञात. लॉक घराला दोन पंच लागतात. साइन करा." विकीने बोटाने काचेवर सही केली. जानकीमावशीने केली. तिला सही करायला आवडतं, साक्षरता वर्गात शिकलीय ती.

"काका, नंबर टाका. खाली 'बंद' लिहा."

काकांनी हळू आवाजात विचारलं, "बंद घराचं पुढे काय होतं, मिथुनशेठ?"

"दुसरी फेरी असते ना. पंधरा दिवसांनी. तब मिलेगा आदमी तो कर देंगे."

हे ऐकलं आणि काकांचे खांदे खाली आले. त्यांनी ब्रश बुडवला. एकशे सदतीस. खाली 'बंद', अनुस्वार पूर्ण गोल. मिथुन पुढच्या दाराकडे वळल्याबरोबर विकीने त्यांना डोळा मारला. "काय ॲक्टिंग होती ना?"

संध्याकाळी सोनूकाकी कामावरून आली आणि दारासमोर उभी राहिली. रंग ओला होता. तिने बोट लावलं, बोट काळं झालं.

"स्वतःच्या दारावर स्वतःच्या हाताने?"

"दुसरी फेरी आहे, सोनू."

"किल्ली कुठं होती?"

काकांनी तिच्या बोटासाठी चिंधी पुढे केली.

"मी विचारलं, किल्ली कुठं होती?"

"खिशात."

पंधरा दिवसांनी काकांनी मिथुनला विचारलं. मिथुन म्हणाला, "वरून बघतायत." महिन्याने विचारलं. "काका, तुम्ही कशाला एवढं टेन्शन घेता? तुमचं काय आहे तिकडे?" दुसरी फेरी झाली नाही. मेट्रोचं पुढचं काम टेंडरला जायचं होतं, त्यासाठी बाधितांचा आकडा तारखेच्या आत हवा होता आणि आकडा मिळालेला होता. शाळेच्या भिंतीवर यादी लागली. एकशे छत्तीस जानकी. एकशे अडतीस आम्ही. मधल्या ओळीत नावाच्या जागी आडवी रेघ, आणि शेरा: 'बंद. अज्ञात.'

हरकत घ्यायला मुदत होती. सुनावणीचं पत्र आलं. त्या दिवशी रिक्षातून जाताना विकी काकांच्या पाठीवर थाप मारत होता. "काका, तुम्ही बिनधास्त राहा. मी सांगतो ना सगळं. छातीठोक. आम्हीच दिलं खोटं, त्यात काय? कोर्ट आहे का?" जानकीमावशी म्हणाली, "भाऊजी, तुमच्यामुळेच आमचे कागद झाले. आम्ही असं-तसं सोडू काय?" मागच्या रिक्षात मी आणि सोनूकाकी. काकीच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. ती पूर्ण रस्ताभर बोलली नाही, ते मी पहिल्यांदाच बघितलं.

सुनावणी घेणाऱ्या जयंती मॅडम फार चांगल्या बाई. खरंच. "बसा ना. पंखा येतोय का तिकडे? पाणी घ्या आधी." शांत, गोड, बालवाडीतल्या बाईंसारखा आवाज. काकांनी पिशवी उघडली. वीजबिल, रेशनकार्ड, मतदार यादीतला उतारा, सोनूकाकीच्या गाळ्याचं ओळखपत्र. मॅडमनी प्रत्येक कागद नीट बघितला आणि नीट परत ठेवला.

"कागद छान आहेत, साळवे. पण कागद घराचे आहेत. त्या दिवशी घरात कोणी राहत होतं का, हे सर्व्हे सांगतो. आणि सर्व्हे काय म्हणतो बघू या." त्यांनी स्क्रीन वळवला. निळं दार, कुलूप, कोपऱ्यात ब्रश धरलेला हात. मग पंचनामा वाचला, अगदी गोष्ट सांगावी तसा. "'सदर घर कित्येक महिने बंद. राहणारा अज्ञात.' पंच एक, पंच दोन. हे आपले शेजारी?"

"हो मॅडम. पण ते खरं नाही. ते माझ्यासाठी खोटं बोलले."

"तुमच्यासाठी? तुमचं घर जाईल असं?"

मग काकांनी सगळं सांगितलं. फॉर्म, भावाचा पत्ता, पेंटरचं काम, बुधवारचं सोमवारी झालं ते, किल्ली. मॅडमनी मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही आमच्याच कामावर होतात. आणि आम्हाला लिहून दिलंत की तुम्ही तिथे राहत नाही. आज म्हणताय राहतो. आता मी कुठल्या साळवेंवर विश्वास ठेवू? फॉर्मवरच्या, की समोरच्या?"

"समोरच्या, मॅडम."

"मलाही तसंच वाटतं हो." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मग असं करू. पंचांना विचारू. त्यांनी सांगितलं की आम्ही खोटी सही केली, तर तसं नोंदवते. फक्त, खोटा पंचनामा दिलेल्यांच्या स्वतःच्या पात्रतेची फेरतपासणी लागते. ते मला करावंच लागतं. आणि मग त्या गल्लीतली बाकीची नोंद तरी खरी कशावरून, असं वरून विचारतील. बघा बाई, विचार करून सांगा." पुढे वाकून, अजून गोड. "विकी कोण? तुम्ही? सांगा. हे गृहस्थ एकशे सदतीसमध्ये राहतात?"

विकी उठला. हात वर गेला नाही. खिशात गेला.

"मॅडम... म्हणजे कसं आहे... कमिटीचं काम, दुकान, आपण दिवसभर नाक्यावर असतो. गल्लीत कोण राहतं, कोण नाय, एवढं आपल्याला..."

"ओळखता का यांना?"

"चेहरा पाहिल्यासारखा वाटतो."

सोनूकाकीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. फक्त बघितलं. विकी बसताना खुर्ची चुकला.

"जानकीताई, तुम्ही?"

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, गुंडाळत होती. "मी सही केली तेव्हा जे वाचून दाखवलं, त्याच्यावर केली."

"म्हणजे पंचनामा बरोबर आहे?"

"वाचलं ते बरोबर आहे."

काकांनी दोघांकडेही बघितलं नाही. समोरच्या टेबलावर कागद पडले होते, ते ते एकावर एक कडा जुळवून लावत होते. मॅडमनी मागच्या बाकावर आमच्याकडे नजर टाकली. आमच्या गल्लीतले अजून सात-आठ जण आले होते, पाठिंब्याला. कोणाला काही सांगायचं आहे का, असं विचारलंसुद्धा. पंखा फिरत होता. माझ्या घराचा नंबर एकशे अडतीस आहे. मी गप्प बसले. त्या सोमवारी गप्प बसायचं होतं तेव्हा सगळ्यात जास्त बडबड माझी होती.

पत्र दहा दिवसांनी आलं. 'अपात्र.' त्याआधी, दुसऱ्याच सकाळी, मिथुनचा फोन आला होता. "काका, सॉरी यार. उद्यापासून नका येऊ. मेरा भी वाट लग जाएगा." काका म्हणाले, "डबा आणि ब्रश कुठे देऊ?" तो म्हणाला, "ठेवा ना तुम्हीच." काकांनी नेऊन दिला. आता ते परत टॉवरच्या गेटवर आहेत. तिथल्या बायका म्हणतात, वॉचमनचं अक्षर हल्ली बिघडलंय.

अपील करायला पंधरा दिवस होते. त्याला दोन शेजाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र हवं होतं, की हे कुटुंब इथेच राहतं. विकीला विचारायला काका गेलेच नाहीत. विकी स्वतःच समोर आला, म्हणाला, "काका, नवीन बिल्डिंग मिळाली ना, तुम्हाला तिकडे वॉचमन लावून देतो, माझी गॅरंटी." ते त्याने खरंच मनापासून म्हटलं. काका 'बरं' म्हणाले.

जानकीमावशीकडे मात्र गेले. ती दारातच कोथिंबीर निवडत बसली होती.

"भाऊजी, आत या ना."

"नको. जानकी, एक सही पाहिजे होती."

मावशीने कोथिंबिरीची एक काडी घेतली, तिची सगळी पानं काढली, काडी बाजूला ठेवली. "आकाशचं लग्न ठरतंय. मुलीकडचे विचारत होते, घर मिळणार का पक्कं. मी हो म्हणून बसलेय." मग रडायलाच लागली. "माझ्या दारावर नंबर आहे, भाऊजी. तुम्हीच टाकलाय. तो पुसला तर मी काय करू?"

"नको देऊस मग," काका म्हणाले. "राहू दे."

मागून सोनूकाकी आली. "का राहू दे? रडतेय बघा, वाईट वाटलंय तिला. अगं जानके, डोळे पूस. अनोळखी माणसांसाठी कोण एवढं रडतं का?"

"वहिनी, असं नका ना बोलू."

"वहिनी कोणाला म्हणतेस? तोंड बघितलंयस का माझं?"

"सोनू, चल," काका म्हणाले आणि तिचा दंड धरून तिला घरी आणलं. पंधरा दिवस उलटून गेले. गल्लीत तेव्हापासून सगळे काकांशी फार प्रेमाने बोलतात. इतक्या प्रेमाने, की त्यांना बघून रस्ता बदलायच्या आधी दोन मिनिटं थांबून तब्येत विचारतात.

सोनूकाकीने गाळ्याचं काम सोडलं. पगार गेला म्हणून सगळ्यांनी समजावलं, काका एकदा ओरडलेसुद्धा. ऐकत नाही. सकाळी सातला दार सताड उघडते, उंबऱ्यात पाट टाकून बसते, आणि काका ड्यूटीवरून येईपर्यंत उठत नाही. मध्ये कोणी मेट्रोवाले मोजमापाला येतात, नाल्याकडे झेंडे रोवतात, निघून जातात. तिच्याकडे कोणी येत नाही. आता यायचं काही कारणच नाही.

काल कॉलेजवरून येताना मी थांबले. "काकी, ऊन आलंय की तिथे. आत बसा."

"दिसतेय ना मी तुला?"

"हो."

"इथंच राहते ना मी?"

"हो, काकी."

"मग तसं लिहून दे."

मी म्हटलं, काकी, माझी सही चालत नाही, अजून अठरा पूर्ण नाहीत.

तिने पाट थोडा सावलीत सरकवला. "त्या सोमवारी बोलायला बरी मोठी होतीस," म्हणाली, आणि परत गल्लीच्या तोंडाकडे बघत बसली.